ध्यानाचं संगीत, ठेका आणि मेंदूतल्या लहरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर मी रुग्णालयात ईईजी काढते, म्हणजे लोकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरींचा आलेख घेते. संध्याकाळी तानपुरा घेऊन बसते. त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला तेच तेच प्रश्न विचारतात, आणि फोनवर येणाऱ्या लिंका वेगळ्याच. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेंदूतल्या लहरी म्हणजे नेमकं काय? त्या ऐकू येतात का?

ऐकू येत नाहीत. त्या आवाजाच्या लहरी नाहीतच, विजेच्या आहेत. मेंदूच्या वरच्या थरातल्या असंख्य पेशींमधली वीज जेव्हा एकाच वेळी कमी-जास्त होते, तेव्हा तिची बेरीज डोक्याच्या कातडीपर्यंत पोचते. तिथे पोचेपर्यंत ती साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरते. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढी ही वीज. म्हणून तर केसांत भांग पाडून, कातडी पुसून, पेस्ट लावून एकवीस ठिकाणी तारा चिकटवाव्या लागतात, आणि रुग्णाने नुसता जबडा आवळला तरी सगळा आलेख काळा होतो.

जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि पाच वर्षं खात्री करून १९२९ साली तो प्रसिद्ध केला. त्याच १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं, योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजून पाहायच्या म्हणून. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण हा योगायोग मला फार आवडतो.

२. अल्फा, थीटा, डेल्टा यांतली सगळ्यात चांगली लहर कोणती?

चांगली-वाईट अशी लहर नसते. दर सेकंदाला किती वेळा वरखाली होते त्यावरून ही नावं पडली आहेत. चारच्या आत डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, तेरा ते तीस बीटा, त्यापुढे गॅमा. सेकंदाला एक वेळ म्हणजे एक हर्ट्झ.

गाढ झोपेत डेल्टा असणं निरोगी. पण जाग्या माणसाच्या आलेखात एकाच जागी डेल्टा दिसली, तर आम्ही डॉक्टरांना लगेच दाखवतो, कारण तिथे इजा किंवा गाठ असू शकते. अल्फाला सगळे ‘शांततेची लहर’ म्हणतात, पण बेशुद्धीच्या एका गंभीर प्रकारातही आलेखावर अल्फा पसरलेली असते, आणि तो रुग्ण शांत नसतो. लहर कुठे आहे, कधी आहे, माणूस त्या वेळी काय करतो आहे, हे सगळं मिळून अर्थ होतो. नुसत्या आकड्यावरून माणसाची अवस्था सांगता येत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया हाच आहे.

३. मग संगीत ऐकल्यावर लहरी बदलतात की नाही? एका शब्दात सांगा.

बदलतात. पण ‘बदलतात’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट अगदी पक्की आहे. कानावर पडलेल्या प्रत्येक ठोक्याला मेंदू उत्तर देतो. ठोके ठरावीक लयीत पडत असतील, तर उत्तरंही त्याच लयीत येतात आणि आलेखावर त्या लयीचा शिखरासारखा उंचवटा दिसतो. एवढंच नाही, मेंदू पुढच्या ठोक्याची वाटही पाहतो. बेल्जियममधल्या सिल्वी नोझारादान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सेकंदाला २.४ ठोके पडणारा एकसारखा आवाज लावला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं, मनातल्या मनात दोन-दोनचे गट करा. मग सांगितलं, तीन-तीनचे करा. आवाजात काहीच फरक नव्हता. तरी आलेखावर पहिल्या वेळी १.२ ला आणि दुसऱ्या वेळी ०.८ ला नवा उंचवटा दिसला. सम कुठे आहे हे ऐकणारा मनात धरतो, आणि ती धरलेली सम ईईजीत उमटते. हाताने ताल धरून मैफल ऐकणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

दुसरी गोष्टही बऱ्यापैकी पक्की आहे. आवडीच्या संथ संगीताने श्वास लांबतो, नाडी उतरते, मन निवतं आणि त्याबरोबर लहरीही हलतात. इथे संगीत शरीरातून आणि भावनेतून काम करतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘सहा हर्ट्झचा आवाज लावा, मेंदू थीटात जाईल आणि तिथेच राहील’. हा दावा विकला जातो तेवढ्या खात्रीने सिद्ध झालेला नाही. ठोक्याला उत्तर देणं वेगळं आणि सगळ्या मेंदूची अवस्था पालटणं वेगळं.

४. ठेका दोन हर्ट्झचा असेल तर मेंदू डेल्टात जाऊन झोप यायला हवी ना?

हा प्रश्न एका तबला शिकणाऱ्या मुलाने विचारला आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मिनिटाला १२० मात्रांचा भजनी ठेका घ्या. सेकंदाला दोन मात्रा, म्हणजे दोन हर्ट्झ, आकड्याने शुद्ध डेल्टा. त्या लयीवर दिंडीत टाळकरी उड्या मारतात, फुगडी घालतात. कोणालाही झोप येत नाही.

उलट बाजूनेही पाहा. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत चौपटीने रेला वाजवला, तर सेकंदाला दहा बोल पडतात. दहा हर्ट्झ, म्हणजे ऐन अल्फा. ऐकणारे शांत होतात का? श्वास रोखून पुढे सरकून बसतात आणि समेवर दाद देतात.

तेव्हा संगीतातला आकडा आणि मेंदूतल्या अवस्थेचा आकडा जुळला म्हणून अवस्था जुळत नाही. झोपेतली डेल्टा मेंदू स्वतः आतून तयार करतो, तिचा आकार आणि व्याप्ती निराळी असते. ठेक्याला दिलेलं उत्तर त्याच आकड्यावर दिसलं तरी ती झोप नसते.

५. माणसाला वीस हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, मग ‘सहा हर्ट्झचं संगीत’ कसं ऐकवतात?

बरोबर पकडलंत. सहा हर्ट्झचा सूर ऐकू येत नाही. अशा ध्वनिफितीत ऐकू येणारा एखादा सूर असतो आणि तो सेकंदाला सहा वेळा वाढतो-ओसरतो किंवा तुटत-तुटत येतो. सूर दोनशेचा असेल, सहा ही त्याच्या हेलकाव्याची संख्या. हेलकावा तयार करण्याचे तीन मार्ग आहेत: सूर तोडून ठोके करायचे, दोन जवळचे सूर हवेतच मिसळायचे, किंवा एकेक सूर एकेका कानात द्यायचा. तिसऱ्याला बायनॉरल बीट्स म्हणतात.

६. बायनॉरल बीट्स म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगाल का?

तानपुरा मिळवताना पाहिलाय? मधल्या दोन तारा, जोडाच्या, एकाच षड्जाला लावायच्या असतात. पहिली लागली. दुसरी किंचित उतरलेली आहे. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की सूर सरळ राहत नाही. व्हँव-व्हँव-व्हँव असा डोलायला लागतो. एक तार दोनशेला आणि दुसरी एकशे सत्त्याण्णवला असेल तर सेकंदाला तीन डोल. खालचा मणी केसभर सरकवायचा. डोल मंदावतात. आणखी केसभर. आता सेकंदाला एक. मग दोन सेकंदांना एक, आणि मग एका क्षणी डोलणं थांबतं, दोन तारांची एक तार होते आणि जवारीतून, म्हणजे घोडीवरच्या झणकारातून, वरचा गंधार आपोआप बोलायला लागतो. त्या क्षणासाठी मी तासभर मणी सरकवत बसू शकते.

हे डोल हवेत तयार होतात. खोलीतल्या कुणालाही, अगदी एका कानानेही, ऐकू येतात. आता कल्पना करा की एक तार फक्त डाव्या कानात आणि दुसरी फक्त उजव्या कानात पोचते आहे, हवेत ती भेटतच नाहीत. तरीही माणसाला मंद डोल जाणवतो. तो डोल बाहेर कुठेच नसतो. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या देठात जिथे पहिल्यांदा एकत्र येतात, तिथे तो तयार होतो. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणारी यंत्रणा तीच. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांनी हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, आणि १९७३ साली गेराल्ड ऑस्टर यांच्या लेखाने ते पुन्हा चर्चेत आलं.

याला मर्यादा आहेत. मूळ सूर हजार हर्ट्झच्या वर गेला की हा डोल विरून जातो. दोन सुरांतला फरक तीसच्या आसपास गेला की डोल न वाटता दोन वेगळे सूर वाटतात.

७. त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय की नाही?

दोन प्रश्न वेगळे करू या. मेंदू त्या डोलाच्या लयीत जातो का? २०२३ साली यावर एक आढावा प्रसिद्ध झाला. ईईजी घेऊन केलेले १४ अभ्यास त्यात तपासले होते. पाच अभ्यासांत लहरी लयीत गेल्याचं दिसलं, आठांत उलट निष्कर्ष होता, एकात संमिश्र. म्हणजे बाजू ठरलेली नाही. २०२० साली कॅनडातल्या एका गटाने बायनॉरल डोल आणि साधे, हवेत मिसळलेले डोल शेजारी ठेवून तपासले. दोन्हींना मेंदूने उत्तर दिलं, पण साध्या डोलांना जास्त जोरकस दिलं. मनःस्थिती दोन्हींनी बदलली नाही.

दुसरा प्रश्न, माणसाला बरं वाटतं का? इथे चित्र थोडं आशादायक आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णांचे तीन गट केले. बायनॉरल डोल घातलेलं संगीत ऐकणाऱ्यांची भीती २६.३ टक्क्यांनी उतरली, डोल नसलेलं तेच संगीत ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. त्या अभ्यासात भीती प्रश्नावलीने मोजली होती, मेंदूच्या लहरी नव्हेत. म्हणून याचा आधार देऊन ‘मेंदू अल्फात गेला’ असं कोणी सांगितलं तर ते त्या अभ्यासाच्या पलीकडचं आहे. शस्त्रक्रियेआधी हात गार पडलेल्या माणसाला मात्र मी खुशाल म्हणेन, ऐका.

८. हेडफोन लावावेच लागतात का? मी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतो.

बायनॉरल असेल तर दोन्ही कानांत वेगळा आवाज जायलाच हवा, म्हणजे इयरफोन किंवा हेडफोन हवा. स्पीकरवर लावलंत तर दोन सूर हवेत मिसळतात आणि तानपुऱ्यासारखे साधे डोल ऐकू येतात. प्रश्न ७ मधला अभ्यास पाहिला तर त्यात काही तोटाही नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू असेल तर हेडफोन लावूनही तेच होतं. तुटक ठोक्यांच्या फितींना हेडफोन लागत नाही.

९. ४३२ हर्ट्झचं संगीत मनाला जास्त मानवतं असं म्हणतात. ५२८ ने पेशी दुरुस्त होतात म्हणे?

पाश्चात्त्य वाद्यवृंदात सगळ्यांनी एकमेकांशी मिळवायचं म्हणून एक सूर ठरवावा लागला. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ‘ए’ हा सूर ४४० वर ठरला आणि पुढे तोच आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याऐवजी ४३२ घ्या, असा हा आग्रह आहे. फरक अर्ध्या श्रुतीच्या आसपासचा, एक-तृतीयांश सेमीटोनपेक्षाही (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) थोडा कमी.

आपल्याकडे तर षड्जच बांधलेला नाही. कुणी काळी एक घेतं, कुणी पांढरी चार, बायकांचा सा वेगळा, पुरुषांचा वेगळा, वय वाढलं की उतरतो. ज्याच्या गळ्याला जो मानवेल तो त्याचा सा. एकाच एका आकड्यात जादू असती, तर इतक्या वेगवेगळ्या षड्जांवर गायलेल्या मारव्याने आणि भैरवीने इतक्या माणसांना रडवलं नसतं. शिवाय ४३२ ही सुराची उंची आहे, मेंदूच्या लहरींशी तिचा आकड्याने काही संबंध लागत नाही. ४३२ ऐकून बरं वाटत असेल तर जरूर ऐका.

५२८ ने पेशी दुरुस्त होतात याला आधार नाही, आणि त्या भरवशावर कुणी औषध थांबवू नये.

१०. पृथ्वीची ७.८३ हर्ट्झची लय आणि ध्यानातली लहर एकच आहे का?

विन्फ्रीड शूमान यांनी १९५२ साली मांडलेली ही घटना खरी आहे. जमीन आणि वातावरणाचा वरचा थर यांच्यामधल्या पोकळीत विजा कडाडल्याने विद्युतचुंबकीय लहरी घुमतात, त्यांतली सगळ्यात खालची साधारण ७.८३ ला असते. पण ती आवाजाची लहर नाही आणि फार क्षीण असते. तिची ‘ध्वनिफीत’ म्हणून जे मिळतं तो कुणीतरी संगणकावर केलेला डोल असतो. आकडे जवळ आले एवढंच. प्रश्न ४ पाहा.

११. ॐकार किंवा नामस्मरण मोठ्याने केल्याने काय होतं? ऐकण्यापेक्षा म्हणणं जास्त चांगलं का?

माझं मत विचाराल तर हो. आणि या बाजूचा पुरावाही मला जास्त ठोस वाटतो, कारण तो श्वासातून जातो.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण दोन्हींनी श्वास मिनिटाला जवळपास सहावर आला. रक्तदाबाची स्वतःची एक मंद भरती-ओहोटी असते, तीही मिनिटाला साधारण सहाच. श्वास तिच्याशी जुळला की हृदयाची रक्तदाब सांभाळण्याची क्षमता वाढलेली दिसली. जप करणाऱ्यांनी हे अनुभवाने ओळखलं होतं. सावकाश म्हटलेली ओळ एका श्वासात बसते आणि पुढचा श्वास आपोआप लांब येतो.

बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०११ साली एमआरआय यंत्रात १२ जणांकडून ॐकार म्हणवून घेतला आणि तुलनेला ‘स्स्स’ असा नुसता आवाज करायला लावला. भीती आणि भावनेशी जोडलेल्या भागांतली हालचाल ॐकाराच्या वेळी उतरली, ‘स्स्स’च्या वेळी नाही. माणसं थोडी आहेत, म्हणून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. आणि हा एमआरआय होता, यात लहरी मोजलेल्या नाहीत.

घरी करून पाहण्यासारखं एक सांगते. घड्याळ समोर ठेवा आणि नेहमीच्या लयीत एक मिनिट नामस्मरण करा. किती श्वास लागले ते मोजा. बारा लागले तर पुढच्या वेळी लय थोडी उतरवा. ओढून-ताणून नको; चक्कर येईल इतका श्वास लांबवायचा नाही.

१२. दिंडीत, भजनात भान हरपतं ते कोणत्या लहरीमुळे?

तिथे तारा लावून कोणी ईईजी काढू शकत नाही, नाचणाऱ्या माणसाच्या स्नायूंच्या हालचालीत सगळा आलेख बुडून जाईल. म्हणून लहरीचं नाव घेऊन उत्तर देणं मला पटत नाही. पण जे घडतं ते दिसतं. शेकडो पावलं एका ठोक्यावर पडतात, शेकडो गळे एकाच ओळीवर श्वास घेतात, पखवाज लय हळूहळू चढवत नेतो आणि एकदम सोडतो. लय, श्वास, हालचाल, ओळखीचे शब्द, सोबतची माणसं आणि भाव, हे सगळं एकत्र काम करतं. आळंदी ते पंढरपूर चालून आलेल्याला हेडफोनमधून तेच मिळेल असं मला वाटत नाही.

१३. संबळ-हलगीच्या आवाजाने अंगात येतं, म्हणजे ठोक्याने मेंदूचा ताबा जातो का?

१९६० च्या सुमारास अँड्र्यू नेहर या अमेरिकी संशोधकाने ढोलाच्या लयीमुळे मेंदू ओढला जातो असं मांडलं होतं. त्यावर पुढे बरीच टीका झाली. एक साधी गोष्ट पाहा. संबळ सगळ्यात जवळून ऐकतो तो वाजवणारा, आणि अंगात येतं ते बहुधा त्याच्या नव्हे, समोरच्याच्या. नुसता ठोका कारण असता तर आधी गोंधळीच घुमायला लागले असते. प्रसंग, श्रद्धा, अपेक्षा आणि शिकलेली रीत यांचा वाटा मोठा आहे, ठेका त्याला वाट करून देतो. ज्यांच्या अंगात येतं त्यांना खोटं ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही.

१४. रात्री झोप लागण्यासाठी ‘डेल्टा संगीत’ लावावं का?

संथ, ओळखीचं संगीत लावा, त्यावर ‘डेल्टा’ लिहिलं आहे की नाही याने फरक पडत नाही. निद्रानाश असलेल्या प्रौढांवरच्या १३ चाचण्यांचा आढावा २०२२ साली आला, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा. रोज संगीत ऐकणाऱ्यांना झोप सुधारल्यासारखी वाटली. त्यात डेल्टाचे डोल घातले होते म्हणून नव्हे.

झोपेत आवाजाने डेल्टा खरंच वाढवता येते, पण ती गोष्ट निराळी आहे. २०१३ साली जर्मनीत ११ जणांवर प्रयोग झाला. झोपलेल्याची लहर यंत्र सतत पाहत होतं आणि लहर वर चढते नेमक्या त्या क्षणी अगदी छोटा आवाज सोडत होतं. लहरी वाढल्या आणि झोपण्याआधी पाठ केलेले शब्द सकाळी जास्त आठवले. चुकीच्या क्षणी सोडलेल्या आवाजाने ते झालं नाही. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं आहे हे. तुमच्या फोनला तुमची लहर दिसत नाही, त्यामुळे रात्रभर फीत वाजत ठेवून हे साधणार नाही. अर्ध्या तासाने बंद होईल असा टायमर लावून ठेवा.

१५. आईला विसर पडायला लागलाय. ४० हर्ट्झच्या आवाजाने अल्झायमर बरा होतो असं वाचलं. ऐकवू का?

तुमची तळमळ समजते, म्हणून सविस्तर सांगते. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या ली-ह्वेइ त्साई यांच्या गटाने उंदरांना ४० हर्ट्झने लुकलुकणारा प्रकाश दाखवला आणि अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन कमी झाल्याचं नोंदवलं. २०१९ साली आवाजानेही तसं दिसलं. जगभर आशा निर्माण झाली. मग २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेने उंदरांवर प्रकाशाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांना तो परिणाम मिळाला नाही. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत आणि होत आहेत, पण आज हा मान्य उपचार नाही.

आधी आईंना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. विसर पडण्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा एखादं औषधही असू शकतं, आणि ही कारणं सुधारता येतात. गुणगुणणाऱ्या यंत्रासारखा तो ४० हर्ट्झचा आवाज ऐकवण्यापेक्षा त्यांच्या तरुणपणची गाणी लावा आणि शेजारी बसून बरोबर म्हणा. नावं विसरलेली माणसंही गाण्याची पुढची ओळ बिनचूक म्हणतात, हे मी प्रतीक्षालयात कितीदा तरी पाहिलं आहे.

१६. घरी डोक्याला लावायची पट्टी घेतली. तानपुरा लावला की अल्फा वाढलेली दाखवते. हा पुरावा नाही का?

तुम्ही तानपुरा लावून डोळे मिटलेत ना? ईईजीच्या खोलीत आम्ही प्रत्येकाला म्हणतो, “डोळे मिटा”, आणि दोन-तीन सेकंदांत डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फाची सुरेख माळ सुरू होते. “उघडा” म्हटलं की गेली. संगीत नाही, काही नाही. हे बर्गर यांनीच पाहिलं होतं.

तेव्हा तुलना नीट करा. डोळे मिटून दहा मिनिटं शांत बसा, मग डोळे मिटूनच दहा मिनिटं तानपुरा. असं आठ-दहा दिवस, क्रम उलटसुलट करून. आणि कपाळावरच्या पट्टीत भुवयांचे आणि जबड्याचे स्नायूही मिसळतात, म्हणून ती दाखवते त्या ‘गॅमा’वर तर अजिबात विसंबू नका.

१७. मला फिट येतात. हे ऐकलं तर चालेल का?

आवाजापेक्षा प्रकाश जास्त धोक्याचा. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने, विशेषतः सेकंदाला १५ ते २५ झपक्यांच्या आसपास, काहींना फिट येते. १९९७ साली जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलं रुग्णालयात गेली होती. म्हणून आवाजाबरोबर प्रकाश चमकवणारे चष्मे आणि तसे व्हिडिओ तुम्ही टाळाच. संगीताने फिट येण्याचा प्रकार आहे, पण फार विरळा, आणि तोही बहुधा एखाद्या ठरावीक संगीतानेच. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि गोळ्या चुकवू नका.

१८. आवाज किती ठेवावा? मुलांना ऐकवलं तर?

शेजारचा माणूस हळू बोलला तरी ऐकू यावा इतका. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. मुलांना डोलांच्या फिती ऐकवण्याचं मला कारण दिसत नाही. त्यांना अंगाई म्हणा.

१९. सगळ्यांना शांत वाटतं, मला उलट बेचैनी येते. माझ्यात काही बिघाड आहे का?

नाही. एकसारखा डोलणारा सूर काहींना त्रासदायक वाटतो, डोकं दुखतं, मळमळतं. काहींना डोळे मिटून शांत बसलं की दाबून ठेवलेलं दुःख वर येतं. संगीत बदला, डोळे उघडे ठेवा, वेळ पाच मिनिटांवर आणा, किंवा चालता चालता ऐका. पूर्वी मानसिक आजार झाला असेल किंवा आवाज, भास असं काही जाणवत असेल, तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

आणि एक वेगळा उपाय. बर्नार्डी यांनीच २००६ साली संगीताने श्वास, नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात ते पाहिलं. मधेच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीताआधीच्या विश्रांतीपेक्षाही खाली उतरले. तेव्हा फीत संपली की लगेच फोन उचलू नका. खरा विसावा कदाचित त्यानंतर येतो.

२०. ध्यानाला संगीत लागतंच का? जुने योगी तर काही ऐकत नव्हते.

लागत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात संगीताला मनाई असते. दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ साली चार योग्यांचा ईईजी प्रसिद्ध केला. समाधीत असताना प्रकाश, आवाज, उष्णता यांनी त्यांची अल्फा तुटली नाही. एरवी अशा वेळी ती लगेच तुटते. ४ अंशांच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त हात बुडवून बसलेल्यांचीही अल्फा टिकून होती. तिथे कानात काहीच वाजत नव्हतं. वर्षांचा सराव होता.

संगीत सुरुवातीला मनाला बसायला जागा देतं, म्हणून मी ते सुचवते. पुढे कुणाला ते नकोसं झालं तर बंद करावं.

२१. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी काय करू?

बायनॉरल तुमच्यासाठी नाही, डोल तयारच होणार नाही. बाकी काहीच अडत नाही. हवेत मिसळलेले डोल, ठेका, सूर, सगळं एका कानानेही तसंच पोचतं. फोनमधला ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे डावीकडचा आवाज हरवणार नाही.

आणि जमलं तर खरा तानपुरा मांडीशी घेऊन बसा. मिरजेत तो अजून हाताने घडवतात, २०२४ साली तिथल्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा मांडीला टेकलेला, दांडी खांद्याला आणि कानशिलाला लागलेली. खर्ज छेडला की तो भोपळ्यातून मांडीत आणि दांडीतून कवटीच्या हाडात उतरतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा एक कान पूर्ण गेला आहे. त्या तो कान दांडीला टेकवतात आणि म्हणतात, “हं, आता जोड लागला.” आणि तो लागलेला असतो.